एक बाटली आणि एक अहवाल

लसीकरणात दुर्घटना घडली की शासनापुढे दोन प्रश्न उभे राहतात : चूक कोठे झाली आणि जबाबदार कोण? शासकीय सेवेत मी अनेक चौकशी अहवाल वाचले. दुसऱ्या प्रश्नाच्या घाईत पहिला मागे पडल्याचे सर्वांत बोलके उदाहरण मला वाल्डेमार हाफकिन यांच्या चरित्रात दिसते.

हाफकिन यांचा जन्म १८६० मध्ये ओडेसा येथे झाला. ते प्राणिशास्त्रज्ञ होते. वैद्यकाची पदवी त्यांच्याजवळ नव्हती. पॅरिसच्या पाश्चर संस्थेत त्यांनी पटकीची लस तयार केली व १८९२ मध्ये ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. पुढच्याच वर्षी ते हिंदुस्थानात आले. १८९६ साली मुंबईत प्लेग पसरल्यावर ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयात त्यांनी प्लेगची लस सिद्ध केली. १० जानेवारी १८९७ रोजी तीही आधी स्वतः घेतली. नंतर भायखळ्याच्या तुरुंगात स्वेच्छेने पुढे आलेल्या कैद्यांवर तिची चाचणी झाली. बंदिवानाची संमती कितपत मुक्त मानावी, हे आजची कोणतीही नीतिसमिती विचारील.

३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मलकवाल येथे १०७ जणांना लस टोचण्यात आली. त्यांपैकी १९ जण धनुर्वाताने दगावले. त्या सर्वांना एकाच बाटलीतील लस मिळाली होती. चौकशी आयोगाने दोष मुंबईच्या प्रयोगशाळेवर ठेवला, कारण तेथे कार्बोलिक आम्ल वगळून केवळ उष्णतेने निर्जंतुकीकरण होऊ लागले होते. हाफकिन यांना पद सोडावे लागले. वास्तविक गावात बाटली उघडताना चिमटा जमिनीवर पडला होता आणि पुरेसा निर्जंतुक न करताच वापरला गेला होता. ही साक्ष आयोगापुढेच होती, पण तिला वजन मिळाले नाही. रोनाल्ड रॉस आदी शास्त्रज्ञांनी १९०७ मध्ये लंडनच्या ‘टाइम्स’मधून हाफकिन यांची बाजू मांडली, तेव्हा कोठे शासनाने त्यांना पुन्हा सेवेत घेतले. मुंबईची जागा भरली गेली होती. म्हणून ते कलकत्त्यास गेले व १९१४ मध्ये निवृत्त झाले. मुंबईच्या प्रयोगशाळेला त्यांचे नाव १९२५ मध्ये देण्यात आले. १९३० मध्ये लोझान येथे त्यांचे निधन झाले.

नामकरणाने अन्यायाची भरपाई झाली असे मी मानत नाही. प्रयोगशाळेपासून सुईच्या टोकापर्यंतची प्रत्येक पायरी तज्ज्ञांनी तपासावी आणि पुरावे तत्काळ जाहीर व्हावेत, तरच चौकशीला अर्थ राहतो. खरे कारण कळण्याचा हक्क हाफकिन यांच्याइतकाच त्या १९ कुटुंबांचाही होता.