कर्नाळ्याच्या किल्लेदाराचा नातू

मार्गशीर्ष शुद्ध पौर्णिमा ही श्रीदत्तात्रेयांची जन्मतिथी. घरोघरी गुरुचरित्राच्या सप्ताहाची समाप्ती होते, सायंकाळी पाळणा म्हटला जातो, सुंठवड्याचा प्रसाद वाटला जातो. अशा पर्वकाळी दत्तभक्तांच्या चरित्रांचे स्मरण करावे, ही आपली जुनी चाल आहे. आज आम्ही भाविक वाचकांपुढे ज्या दत्तभक्ताचे चरित्र मांडीत आहोत, तो मठात बसलेला नव्हता आणि त्याच्या खांद्यावर झोळीही नव्हती. सुमारे पंधरा वर्षे त्याच्या हाती सरकारी लेखणी होती, पुढे काही महिने तलवार आली आणि अखेरची साडेतीन वर्षे पायी बेडी राहिली. पनवेलनजीकच्या शिरढोण गावी जन्मलेले आद्यक्रांतिकारक वासुदेव बळवंत फडके ते हेच.

वासुदेवरावांच्या शौर्याचे गुणगान पुष्कळांनी केले आहे. त्यांच्या चरित्राचे एक अंग मात्र सहसा कोणी उलगडून दाखवीत नाही. ते अंग म्हणजे हिशेबाचे. कीर्तनाच्या परिपाठास अनुसरून आम्ही आधी सिद्धांत मांडतो आणि मग आख्यानाकडे वळतो.

पूर्वरंग

मनुस्मृतीत व्यवहाराची १८ पदे सांगितली आहेत. त्यांतील पहिले ऋणादान आणि त्याच्या लगोलग दुसरे निक्षेप. निक्षेप म्हणजे विश्वासाने दुसऱ्याच्या हाती सोपविलेली वस्तू. ती जपावी, वाढली तर वाढीसह आणि घटली तर घटीच्या कारणासह परत करावी, हा धर्म. सामान्य गृहस्थाने शेजाऱ्याचे भांडे जपणे हा जसा निक्षेपधर्म, तसाच राजाच्या सेवकाने शस्त्र, दाणागोटा आणि जनावर जपणे हाही निक्षेपधर्मच होय.

कौटिल्याने अर्थशास्त्रात आयुधागाराच्या अध्यक्षाचे कर्तव्य किती बारकाईने सांगितले आहे! शस्त्रे वरचेवर जागा बदलून ठेवावीत, त्यांना ऊन-वारा द्यावा. जी उष्णतेने, ओलीने वा किडीने बिघडतात, त्यांची व्यवस्था निराळी करावी. प्रत्येकाची जात, रूप, लक्षण, मान, ते कोठून आले, त्याचे मोल काय आणि ते कोठे ठेवले आहे, हे सारे त्याला ठाऊक असावे. त्याच ग्रंथात सरकारी धनाच्या अपहाराचे ४० प्रकार गणले आहेत. त्या काळीही माणूस माणूसच होता, एवढाच त्याचा अर्थ.

आपल्या महाराष्ट्रात हा विचार श्रीशिवछत्रपतींनी आचरणात उतरविला. गडावर एकाच्या हाती सर्व सत्ता दिली नाही. हवालदार, सरनौबत आणि सबनीस असे अधिकारी नेमले, आणि धान्य, दारूगोळा व इतर सामानाचा हिशेब कारखानिसाकडे सोपविला. एकाचे काम दुसऱ्याच्या नजरेखाली राहावे, ही त्यातील योजना. राज्याभिषेकाच्या सुमारास चिपळूणजवळच्या लष्कराला महाराजांनी जे पत्र धाडले, त्यात पावसाळ्यासाठी साठविलेली वैरण आधीच उधळू नये, रात्री दिवा उघडा ठेवू नये, उंदीर जळती वात ओढून नेईल आणि गवताची गंजी पेटेल, इतक्या बारीक गोष्टी आहेत. पुढे रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात दारूखाना वस्तीपासून दूर असावा, दर आठ-पंधरा दिवसांनी हवालदाराने दारू बाहेर काढून ऊन दाखवावे आणि पुन्हा मुद्रा करून ठेवावी, असा दंडक आहे. मुद्रा करणे म्हणजे आपले नाव त्या ठेवीला बांधून घेणे. काही उणे निघाले तर कोणाला विचारायचे, हे मग शोधावे लागत नाही.

हा झाला सिद्धांत. आता आख्यान.

उत्तररंग

पनवेलहून गोव्याच्या रस्त्याने दक्षिणेकडे जाऊ लागले की अंगठ्यासारखा उभा सुळका डोळ्यांत भरतो. तोच कर्नाळा. वासुदेवरावांचे आजोबा अनंतराव हे पेशवाईच्या अखेरीस या गडाचे किल्लेदार होते. १८१८ साली कर्नाळा इंग्रजांच्या हाती गेला. किल्लेदारी संपली. पण गडावरच्या धान्याच्या कणाला आणि तोफेच्या गोळ्याला जो जबाबदार असतो, त्याच्या घरची वृत्ती एका पिढीत संपत नाही. त्याच घराण्यात बळवंतराव व सरस्वतीबाई यांच्या पोटी ४ नोव्हेंबर १८४५ रोजी शिरढोण येथे वासुदेवाचा जन्म झाला.

दैवाची लीला अशी की, ज्या सत्तेने आजोबांच्या हातून गड घेतला, तिच्याच लष्कराचा हिशेब नातवाच्या हाती आला. कल्याण, मुंबई व पुणे येथे शिक्षण झाल्यावर वासुदेवरावांनी प्रथम मुंबईस रेल्वेत व अन्यत्र नोकऱ्या केल्या आणि मग ते लष्कराच्या हिशेबखात्यात शिरले. १८६५ साली त्यांची पुण्यास बदली झाली. कमिसॅरियट म्हणजे सैन्याचे पुरवठाखाते. शिपायाचे धान्य, घोड्यांचा दाणावैरण, ओझ्याचे बैल, तंबू, गाड्या अशा गोष्टींचा भार त्या खात्यावर असे. माल किती आला, कोणास दिला, शिल्लक किती राहिली, याचा ताळा पाहणे हे हिशेबखात्याचे काम. दिसायला नीरस, परंतु सैन्याची खरी नाडी तेथेच हाती लागते. कोठे किती तोंडे आहेत, त्यांना किती लागते आणि ते कोणाच्या घामातून येते, हे कागदावर उतरलेले असते.

या नोकरीत दोन घाव त्यांच्या वर्मी लागले. पहिला घरातला. १८७० च्या सुमारास मातोश्री अत्यवस्थ झाल्या. रजेचा अर्ज केला, पण रजा वेळेवर मिळाली नाही. वासुदेवराव शिरढोणास पोहोचले तेव्हा आईचे डोळे मिटलेले होते. पुढील वर्षी श्राद्धासाठी मागितलेली रजाही नाकारली गेली, तेव्हा ते परवानगीवाचून निघून गेले. बैलांच्या वैरणीचा पै-पैचा हिशेब ठेवणाऱ्या कचेरीला मातृऋणाचा हिशेब कळत नव्हता!

दुसरा घाव देशाचा. १८७६ पासून दक्षिणेत भीषण दुष्काळ पडला. वासुदेवराव गावोगाव हिंडले आणि त्यांनी हाडांचे सापळे डोळ्यांनी पाहिले. तिकडे १८७८ च्या अखेरीस अफगाणिस्तानावर स्वारी निघाली. दुष्काळनिवारणाच्या नावाने बसविलेल्या करांचे धन लष्करी खर्चाकडे वळते, असा आक्षेप त्या काळी घेतला गेला. सरकारच्या वहीत जमाखर्च बरोबर जुळत होता, पण ज्याच्या घामाची ती जमा, त्या रयतेला ताळा विचारण्याचा अधिकार नव्हता. निक्षेप ठेवणारा उपाशी मरावा आणि निक्षेप राखणाऱ्याने सुखाने शिलकेवर सही करावी, हे कोणत्या धर्मशास्त्रात बसते?

या काळात वासुदेवराव केवळ संतापत बसले नाहीत. वामन प्रभाकर भावे व लक्ष्मण नरहर इंदापूरकर यांच्या साह्याने १८७४ साली त्यांनी पुण्यात पूना नेटिव्ह इन्स्टिट्यूशन ही शाळा काढली. तिचाच वृक्ष पुढे महाराष्ट्र एज्युकेशन सोसायटी या नावाने फोफावला. लहुजी वस्ताद साळवे यांच्याकडे त्यांनी शस्त्रविद्येचे पाठ घेतले. श्रीदत्ताची उपासना अखंड होती. अक्कलकोटच्या स्वामी समर्थांच्या दर्शनास ते गेले तेव्हा स्वामींनी त्यांची तलवार झाडावर ठेववून अजून काळ आला नसल्याचे सुचविले, अशी कथा भक्तमंडळीत सांगतात.

पण काळाची वाट पाहणे त्यांच्या स्वभावात नव्हते. फेब्रुवारी १८७९ मध्ये रामोशी, कोळी आदी मंडळींना जमवून त्यांनी बंड उभारले. २३ फेब्रुवारीस शिरूरकडील धामारी गावावर पहिला छापा पडला. हाती आले ते सुमारे ४०० रुपये. तारा तोडाव्या, तुरुंग फोडावे, खजिना घ्यावा आणि सैन्य उभारावे, असा त्यांचा बेत होता. सैन्याला काय लागते हे त्यांच्याइतके कोणास ठाऊक असणार? पंधरा वर्षे तेच तर लिहिले होते.

आता खरा पेच येथे उभा राहतो आणि तो टाळून पुढे जाणे आम्हांस उचित वाटत नाही. देशासाठी का होईना, दुसऱ्याच्या घरची तिजोरी फोडणे धर्म्य कसे? ज्याचे घर लुटले गेले त्याच्या बायकापोरांचे भय काही कमी नव्हते, आणि लूट ती लूटच. परंतु वासुदेवरावांच्या दृष्टीने ते धन देशकार्याचा निक्षेप होते. त्यातील पै सैन्याकडे जावी, आपल्या घरी नव्हे, हा त्यांचा नेम. दुर्दैव असे की, बरोबरच्या अनेकांना ही दृष्टी नव्हती. त्यांची ओढ वाट्याकडे होती. त्यांत अनेक जण दुष्काळाने पिळलेले होते, हेही विसरून चालणार नाही. पण पोतनीस आणि कारखानीस नसलेले सैन्य म्हणजे टोळीच. शिवछत्रपतींनी गडागडावर जी व्यवस्था बसविली, ती उभी करण्यास या वीराला अवधीच मिळाला नाही.

याच खेदाने ते एप्रिल १८७९ मध्ये श्रीशैल मल्लिकार्जुनाच्या चरणी गेले. तेथे देह ठेवण्याचाही विचार त्यांच्या मनात आला. त्या पवित्र क्षेत्री त्यांनी आत्मचरित्र लिहून काढले. रोजनिशीही त्यांच्यापाशी होती. काय योजिले, काय घडले आणि कोठे फसलो, हे त्यांनी आडपडदा न ठेवता नोंदविले. जन्मभराचा हिशेबनीस शेवटी आपलीच खतावणी घेऊन देवापुढे बसला, असे आम्हांस वाटते.

इकडे मे महिन्यात दौलतराव नाईकांनी पनवेलजवळच्या पळस्पे व चिखले येथे मोठे छापे घातले. परतताना इंग्रजी फौजेने त्यांना गाठले आणि त्या चकमकीत दौलतराव पडले. त्याच मे महिन्यात पुण्यातील बुधवार वाडा व विश्रामबागवाडा यांना आगी लागल्या. बोभाटा झाला की हे फडक्यांचेच कृत्य. पुढे उघड झाले ते वेगळेच. सरकारी पुस्तकांच्या कोठारावरील एका नोकराने आपली अफरातफर झाकण्यासाठी ती आग लावली होती. एकीकडे आपला अपराध स्वतःच्या हाताने लिहून ठेवणारा बंडखोर आणि दुसरीकडे हिशेब जाळून टाकणारा सरकारी सेवक! यावर अधिक निरूपण ते काय करावे?

श्रीशैलावरून परतून वासुदेवराव दत्तक्षेत्र गाणगापूरकडे आले व रोहिल्यांचे सैन्य उभारण्याच्या खटपटीला लागले. मेजर डॅनियल व हैदराबादचे अब्दुल हक यांनी पाठलाग करून जुलै १८७९ मध्ये त्यांना देवर नावडगी येथे झोपेत पकडले. पुण्यास खटला चालला. सार्वजनिक काका अर्थात गणेश वासुदेव जोशी यांनी निर्भयपणे त्यांचे वकीलपत्र घेतले. आरोप होते युद्ध पुकारल्याचे, राजद्रोहाचे आणि दरोड्यांचे. लष्करी कचेरीतील अपहाराचा आरोप त्यांत नव्हता. आणि पुराव्यात मुख्य काय? त्यांचेच आत्मचरित्र व रोजनिशी. नोव्हेंबरात जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा झाली आणि जानेवारी १८८० मध्ये त्यांना एडनला नेले. ऑक्टोबर १८८० मध्ये कोठडीचे दार बिजागऱ्यांतून उखडून ते निसटले, परंतु लवकरच पुन्हा सापडले. पुढे अन्नत्याग व क्षय यांनी देह झिजला आणि १७ फेब्रुवारी १८८३ रोजी, वयाच्या ३७ व्या वर्षी, त्या परक्या किनाऱ्यावर त्यांची ज्योत मालवली.

फलश्रुती

आज शिरढोणास त्यांचे स्मारक आहे, पनवेलच्या नाट्यगृहास त्यांचे नाव आहे. १९८४ साली टपाल तिकीटही निघाले. परंतु स्मारकाचा दगड झिजतो, आचरण झिजत नाही.

भागवताच्या एकादश स्कंधात अवधूताने आपले २४ गुरू सांगितले आहेत. त्यांत मध गोळा करणाराही आहे. माशांनी कष्टाने साठवावे आणि तो भलत्यानेच न्यावा, हे पाहून अवधूत संचयाविषयी सावध झाला. आपल्या हाती जो संचय येतो तो बहुधा दुसऱ्याच्या कष्टाचा असतो. शिपायाच्या हातातील बंदूक, कोठीतील काडतूस, लष्कराच्या गाडीतील इंधन ही सारी शेतकऱ्याच्या व कामकऱ्याच्या घामाची ठेव आहे. तिची निगा राखणारा, नोंद ठेवणारा आणि उणे निघाल्यास आपले नाव पुढे करणारा सेवक हा रणांगणावरील वीराइतकाच राष्ट्ररक्षक होय.

आणि हा धर्म केवळ सैन्याचा नव्हे. उत्सव आटोपल्यावर देवस्थानच्या समया, पराती आणि जाजमे मोजून कोठीत ठेवणारा, वर्गणीची पै वहीत लिहिणारा साधा सेवेकरीही तोच निक्षेपधर्म पाळीत असतो. आज पाळण्याची दोरी हाती घेताना त्या दत्तभक्त हिशेबनिसाचे स्मरण करावे आणि आपल्यापाशी कोणाकोणाची ठेव आहे, ती जशीच्या तशी परत करता येईल काय, हे एकदा मनाशी मोजून पाहावे. श्रीगुरुदेव दत्त!