हूकचा सांधा

आमच्या सर्वणच्या घरी काकांची एक जुनी डिझेल जीप आहे. २०१२ साली डिचोली भागातील खाणी बंद पडल्या, तेव्हा खाणीवरच्या तिच्या फेऱ्या संपल्या आणि ती कित्येक पावसाळे मांगराच्या आडोशाला उभी राहिली. गेल्या मे महिन्याच्या सुट्टीत काकांनी ती पुन्हा रस्त्यावर आणली. पण ताशी पन्नास किलोमीटरचा वेग गाठला की बुडाखालून अशी थरथर सुरू होई की गप्पा बंद पडत. चाकांचे बॅलन्सिंग झाले. इंजिनाखालची रबरे बदलली. गॅरेजमध्ये प्रॉपेलर शाफ्ट उतरवून झिजलेले दोन्ही क्रॉस नवे घातले. पैसे गेले, थरथर मात्र वाढली. जीप भंगारात द्यावी, असे घरात बोलले जाऊ लागले.

पदार्थविज्ञानाचा विद्यार्थी म्हणून काका माझ्याकडे अपेक्षेने पाहत. मला तर रॉबर्ट हूक म्हणजे प्रयोगशाळेतली स्प्रिंग आणि तिला टांगलेली वजने, एवढेच ठाऊक! त्या सुट्टीत मी हूकचे चरित्र वाचून काढले. तेच येथे थोडक्यात सांगतो. जीपचे काय झाले ते ओघाने येईलच.

हूकचा जन्म १६३५ साली इंग्लंडच्या दक्षिणेकडील वाइट बेटावर, फ्रेशवॉटर या गावी झाला. वडील धर्मोपदेशक होते. मुलगा जन्मापासून अशक्त, डोकेदुखीने हैराण. त्यामुळे लहानपणी नियमित शाळा अशी झालीच नाही. घरात एकटा बसून तो वस्तू उकलीत राही. एकदा त्याने पितळी घड्याळ सुटे करून पाहिले आणि तसेच लाकडाचे, चालणारे घड्याळ बनविले. १६४८ साली वडील वारले. थोडा वारसा घेऊन तो लंडनला आला आणि एका चित्रकाराकडे उमेदवारीस राहिला; पण रंगांच्या वासाने डोके दुखू लागले. मग वेस्टमिन्स्टर शाळा आणि पुढे ऑक्सफर्ड. तेथे रॉबर्ट बॉइलला त्याने हवेचा पंप तयार करून दिला. नाव बॉइलचे झाले, हात हूकचे होते.

१६६२ साली रॉयल सोसायटीने त्याला प्रयोगांचा प्रमुख नेमले. दर आठवड्याला सभासदांपुढे तीन-चार नवे प्रयोग करून दाखवायचे, असे ते काम! १६६५ साली सूक्ष्मदर्शकातून पाहिलेल्या सृष्टीवरचा त्याचा ग्रंथ निघाला. त्यातच बुचाच्या कापात दिसलेल्या कप्प्यांना त्याने जे नाव दिले, ते आज जीवशास्त्रात ‘सेल’ म्हणून रूढ आहे. १६६६ साली लंडन शहर जळाले, तेव्हा क्रिस्टोफर रेन याच्याबरोबर नवे शहर मोजून उभे करण्याचे श्रमही त्याने केले.

माझे लक्ष मात्र एका लहानशा गोष्टीने वेधले. त्याच १६६६ साली सॅम्युएल पेपिस याने आपल्या रोजनिशीत नोंदवले आहे, की माशीच्या पंखांचा गुणगुणाट कोणत्या सुराशी जुळतो हे पाहून ती सेकंदाला किती वेळा पंख हलवते, हे हूक सांगू शकतो. थरथर ही त्याच्या लेखी नुसती कटकट नव्हती. ती मोजता येणारी, बोलकी गोष्ट होती. घड्याळाची टिकटिक ऐकू येते, तशा शरीराच्या आतील हालचालीही आवाजावरून ओळखता येतील, अशी कल्पना त्याच्या मृत्यूनंतर १७०५ साली छापलेल्या लेखनात आढळते. डॉक्टरांचा स्टेथोस्कोप त्यानंतर शंभराहून अधिक वर्षांनी आला.

स्प्रिंगचा नियम त्याने १६७६ साली अक्षरे उलटसुलट करून कोड्यात छापला आणि १६७८ साली उलगडला. आपला शोध दुसरा कोणी पळवील ही धास्ती! त्याच काळात त्याने एका सांध्याचेही वर्णन केले. दोन दुबेळके, आणि त्यांच्यामध्ये अधिकच्या चिन्हासारखा क्रॉस. दोन दांडे सरळ रेषेत नसले, तरी एकाचे फिरणे दुसऱ्याला पोचते. तशी कल्पना आधीही होती. कार्दानो या इटालियन पंडिताचे नाव तिला जोडले जाते. पण हूकने त्यातील खोड हेरली. पहिला दांडा एकसारखा फिरला, तरी दुसरा प्रत्येक फेरीत दोनदा पुढे धावतो व दोनदा मागे रेंगाळतो. यावर उपायही त्यानेच सुचविला: दुसरा तसाच सांधा योग्य मेळात बसवावा, म्हणजे एकाची चूक दुसरा फेडतो.

येथे मी वाचन थांबविले आणि जीपकडे गेलो. उभ्या गाडीत इंजिन जोरात चालवले; ती थरथर आली नाही. उताराच्या मोकळ्या रस्त्यावर काकांनी पन्नासच्या वेगात गिअर न्यूट्रल केला, थरथर तशीच. म्हणजे दोष इंजिनात नव्हता, गिअर बॉक्सच्या मागे होता. त्या वेगाला चाक सेकंदाला साधारण सहा फेऱ्या घेते. शाफ्ट त्याच्या चौपट, म्हणजे पंचवीसच्या आसपास. शाफ्टच्या एका फेरीत दोन धक्के धरले, तर सेकंदाला पन्नास. आमची थरथर चाकाच्या डुगडुगण्यासारखी संथ नव्हती. तिला माशीसारखा घुमणारा सूर होता.

जीपखाली शिरून पाहिले. शाफ्टचे दोन तुकडे दातेरी खोबणीत एकमेकांत सरकतात. त्याच्या दोन टोकांची दुबेळकी एकाच पातळीत हवीत. त्यासाठी दोन्ही तुकड्यांवर बाणाची खूण असते. क्रॉस बदलताना शाफ्ट सुटा झाला होता आणि जोडताना दोन दात चुकले होते. ग्रीसखाली दडलेले बाण एकमेकांकडे पाहतच नव्हते. एकाची चूक दुसऱ्याने फेडायची, तर दुसरा तीत भरच घालीत होता. शाफ्ट काढून बाण जुळवले. कॉलेजसाठी परत निघालो, तेव्हा काकांनी चोर्ला घाटातून मला त्याच जीपने बेळगावला सोडले. वाटेत आम्ही बोलत होतो.

हूकचा स्वतःच्या आयुष्याशी सांधा मात्र जुळला नाही. सूर्याचे आकर्षण अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात घटते, ही कल्पना त्याने न्यूटनला पत्राने कळवली होती. गणिती सिद्धता न्यूटनची, यात शंका नाही. पण १६८७ च्या महाग्रंथात आपले श्रेय डावलले गेले, हे शल्य हूकला अखेरपर्यंत राहिले. तो संशयी आणि कडवट होत गेला. १७०३ च्या मार्चमध्ये तो वारला. त्याच वर्षी न्यूटन सोसायटीचा अध्यक्ष झाला. हूकचे खात्रीचे एकही चित्र आज उपलब्ध नाही. त्याची कुरकुर सर्वांनी ऐकली. ती कोठून येते, हे तपासायला कोणी थांबले नाही.

चेहरा हरवलेल्या या माणसाचे नाव आमच्याकडे मात्र टिकून आहे. यंदा पावसाळ्याआधी काकांनी शाफ्ट पुसून दोन्ही बाणांवर पांढरा रंग दिला, आणि मला फोन करून विचारले, की त्या साहेबाचे नाव नक्की काय होते.