लढाऊ विमानाचं इंजिन ऐन लढाईत बंद पडायचं, एका महिला इंजिनिअरच्या छोट्याशा पितळी टोपीने प्रश्न सोडवला

चोकवाली जुनी बाईक चालवली असेल तर हा अनुभव तुम्हाला नक्की आला असणार. थंडीच्या सकाळी चोक ओढायचा, किकवर किक मारायची, पण गाडी काही सुरू होत नाही. मग शेजारचे काका येऊन सांगणार, ओव्हरफ्लो झालंय, प्लग ओला झालाय, काढून पूस. म्हणजे पेट्रोल आहे, पण गरजेपेक्षा जास्त आहे आणि म्हणूनच इंजिन बंद आहे.

आता हेच हजारो फूट उंचीवर, शत्रूचं विमान समोर असताना झालं तर?

1940 मध्ये ब्रिटनच्या पायलट्ससोबत नेमकं हेच होत होतं. त्यावर तोडगा काढला तो बीट्रिस शिलिंग उर्फ टिली या महिला इंजिनिअरने. चला, त्यांची गोष्ट बघूया.

खाटकाची मुलगी, मोटरसायकलचं वेड

बीट्रिस यांचा जन्म 8 मार्च 1909 चा, इंग्लंडमधल्या हॅम्पशायरचा. वडील खाटीक. वयाच्या 14 व्या वर्षी त्यांनी स्वतःची मोटरसायकल घेतली आणि ती खोलून पुन्हा जोडायचा नाद लागला.

शाळा संपल्यावर त्या मार्गारेट पार्ट्रिज या महिला इंजिनिअरकडे कामाला लागल्या. घरोघरी वायरिंग करणं, जनरेटर बसवणं असं ते काम होतं. मुलींनी इंजिनिअर व्हावं असं तेव्हा फारसं कोणाला वाटत नव्हतं, पण पार्ट्रिज यांनीच त्यांना पुढे शिकायला पाठवलं. 1932 मध्ये बीट्रिस यांनी मँचेस्टरच्या विद्यापीठातून इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंगची पदवी घेतली आणि त्यानंतर मेकॅनिकलमध्ये मास्टर्स केलं.

सोबत रेसिंग सुरूच होतं. ब्रुकलँड्स हा तेव्हाचा नावाजलेला रेस ट्रॅक. तिथे ताशी 100 मैलांपेक्षा जास्त वेगाने फेरी मारणाऱ्याला गोल्ड स्टार मिळायचा. बीट्रिस यांनी 500 सीसीच्या नॉर्टनवर 1934 मध्ये तो मिळवला. ब्रुकलँड्सच्या इतिहासात हा मान फक्त तीन महिलांना मिळाला. गाडीचं ट्यूनिंगही त्या स्वतःच करायच्या. जॉर्ज नेलर यांनी गोल्ड स्टार मिळवल्याशिवाय त्यांच्याशी लग्नच करायचं नाही, अशी अट त्यांनी घातली होती असं सांगतात. अट खरी असो वा नसो, नेलर यांनी स्टार मिळवला आणि 1938 मध्ये लग्न झालं.

त्याआधी 1936 मध्येच त्या फार्नबरोच्या रॉयल एअरक्राफ्ट एस्टॅब्लिशमेंट या सरकारी संशोधन संस्थेत रुजू झाल्या होत्या.

नेमकी अडचण काय होती?

स्पिटफायर आणि हरिकेन या ब्रिटिश लढाऊ विमानांत रोल्स-रॉइसचं मर्लिन इंजिन होतं. 12 सिलिंडर, 27 लिटर. पण इंधनासाठी त्यात कार्बोरेटर होता.

थ्रॉटल उघडला की इंजिनमध्ये हवा जास्त जाते. कार्बोरेटरच्या निमुळत्या भागातून जाताना त्या हवेचा वेग वाढतो, दाब कमी होतो आणि त्यामुळे पेट्रोल ओढलं जातं. वजनाने साधारण 15 भाग हवेला 1 भाग पेट्रोल हे गणित जमलं की इंजिन नीट चालतं. हे पेट्रोल एका छोट्या टाकीत साठतं. आपल्या घरावरच्या पाण्याच्या टाकीत चेंडू तरंगतो आणि पाणी भरलं की नळ बंद होतो, तसाच फ्लोट इथेही असतो.

पायलटने नाक एकदम खाली करून सूर मारला की टाकीतलं पेट्रोल वर उसळायचं. पहिल्या क्षणी इंजिनला पेट्रोलच मिळायचं नाही आणि ते खोकायचं. मग फ्लोटचं काम बिघडून पेट्रोलची वाट सताड उघडी राहायची. पंप पूर्ण जोराने पेट्रोल ओतायचा आणि इंजिन गुदमरायचं.

जर्मनांच्या मेसरश्मिट 109 मध्ये फ्युएल इंजेक्शन होतं. त्यांना ही अडचणच नव्हती. ब्रिटिश विमान मागे लागलं की ते सरळ नाक खाली करून पळायचे. पाठलाग करायचा तर ब्रिटिश पायलटला आधी विमान अर्धं उलटं करावं लागायचं आणि तेवढ्यात शत्रू हातातून निसटायचा.

मग ब्रिटिशांनी इंजेक्शन का नाही लावलं? कारण कार्बोरेटरचाही एक फायदा होता. पेट्रोलची वाफ होताना हवा थंड होते. थंड हवा दाट असते, म्हणजे तेवढ्याच जागेत जास्त हवा मावते आणि ताकद वाढते.

भोक पाडलेली टोपी

सगळं इंजिन बदलायला वेळ नव्हता. बीट्रिस यांनी वेगळा विचार केला. पूर्ण ताकदीवर इंजिनला जास्तीत जास्त किती पेट्रोल लागतं? तेवढंच जाईल एवढं भोक ठेवलं तर?

शिंप्याच्या अंगुस्तानासारखी एक पितळी टोपी, तिच्या मध्ये मोजून पाडलेलं भोक. ही टोपी कार्बोरेटरच्या आधी पेट्रोलच्या नळीत बसवायची. पुढे तिच्या जागी साधी चपटी चकती आली. यासाठी विमान ताफ्यातून बाहेर काढायची गरज नव्हती.

मार्च 1941 पासून बीट्रिस आणि त्यांची छोटी टीम एकेका विमानतळावर जाऊन हे काम करू लागली. त्या स्वतः नॉर्टनवरून फिरायच्या. पायलट्सनी या चकतीला 'मिस शिलिंग्ज ऑरिफिस' असं काहीसं चावट नाव दिलं. लग्न होऊन दोन वर्षं उलटली होती, तरी नावात मिस राहिलंच!

सोशल मीडियावर या चकतीने बॅटल ऑफ ब्रिटन जिंकली असं वाचायला मिळतं. ते खरं नाही. ती लढाई 1940 च्या शरद ऋतूतच संपली होती. शिवाय पहिल्या क्षणाचं खोकणं या चकतीने थांबलं नाही. तो कायमचा उपाय नव्हताच, नवे प्रेशर कार्बोरेटर 1943 मध्ये आले. पण मधली दोन वर्षं पायलट्सना ऐन सूर मारताना इंजिन गुदमरून बंद पडण्याची भीती राहिली नाही. हेही काही कमी नाही.

पुढे काय झालं?

युद्धानंतर त्यांना ओबीई हा सन्मान मिळाला. क्षेपणास्त्रांपासून ओल्या धावपट्टीवरच्या ब्रेकिंगपर्यंत अनेक विषयांवर त्यांनी काम केलं. पतीसोबत कार रेसिंगही केलं. 1969 मध्ये त्या निवृत्त झाल्या. 33 वर्षांच्या नोकरीत संस्थेचं सर्वोच्च पद मात्र त्यांच्या वाट्याला कधी आलं नाही. 18 नोव्हेंबर 1990 रोजी वयाच्या 81 व्या वर्षी त्यांचं निधन झालं. आज फार्नबरोमध्ये त्यांच्या नावाचा एक पब आहे.

आजही बाईक मॉडिफाय करायची म्हटलं की पहिला विचार येतो मोठा थ्रॉटल, मोठा कार्बोरेटर, मोठा फिल्टर. बीट्रिस यांनी आधी इंजिनला नेमकं किती लागतं ते मोजलं आणि मग वाट उलट लहान केली. पुढच्या वेळी गॅरेजमध्ये पैसे मोजण्याआधी टिली शिलिंग यांची ही चकती जरूर आठवा.