आपली चूक शोधणारा शस्त्रवैद्य : डॉ. थिओडोर कोखर



आपल्या स्मरणिकेसाठी एखाद्या थोर पुरुषाचे चरित्र लिहावे, अशी आज्ञा संपादक मंडळाने मला केली, तेव्हा मी सुचविलेले नाव ऐकून मंडळी किंचित विस्मित झाली. हा पुरुष ना आपल्या ज्ञातीतला, ना आपल्या प्रांतातला, ना आपल्या देशातला. तथापि आपल्यातील कित्येक घरांत सकाळी उपाशीपोटी थायरॉइडची गोळी घेणारी एखादी माउली असते. त्या इवल्याशा गोळीच्या इतिहासात एका शस्त्रवैद्याची मोठी चूक आणि ती चूक जगापुढे मांडण्याचे त्याचे धैर्य दडलेले आहे, हे फार थोड्यांस ठाऊक असते. ज्या सोलापुरात १९१० साली डॉ. द्वारकानाथ कोटणीस जन्मास आले, त्या नगरीतील वाचकांस शस्त्रवैद्याची थोरवी निराळी सांगावयास नको. शिवाय आपली पुष्कळ मुले-मुली आता वैद्यकाच्या अभ्यासाकडे वळत आहेत. त्यांच्या हाती हे चरित्र पडावे, हा माझा मुख्य हेतू आहे.

एमिल थिओडोर कोखर यांचा जन्म २५ ऑगस्ट १८४१ रोजी स्वित्झर्लंडमधील बर्न या नगरीत झाला. वडील इंजिनिअर होते. आई अत्यंत धर्मपरायण होती आणि तिचे संस्कार मुलाच्या मनावर जन्मभर राहिले. शाळेत व विद्यापीठात त्यांनी आपली बुद्धिमत्ता सिद्ध केली व १८६५ साली बर्न येथेच डॉक्टरची पदवी मिळविली. पुढे बर्लिन, लंडन, पॅरिस, व्हिएन्ना अशा ठिकाणी जाऊन त्यांनी त्या काळच्या नामांकित शस्त्रवैद्यांचे काम डोळ्यांनी पाहिले. १८६९ साली त्यांचा विवाह झाला व त्यांना तीन पुत्र झाले. १८७२ साली बर्न विद्यापीठातील शस्त्रक्रियेच्या प्राध्यापकाची जागा रिकामी झाली, तेव्हा त्यांचे वय अवघे तीस वर्षांचे होते. तरीही ती जागा त्यांनाच मिळाली. पुढील पंचेचाळीस वर्षे, म्हणजे अखेरच्या श्वासापर्यंत, त्यांनी ती सोडली नाही. परदेशांतून मानाची बोलावणी आली, तरी जन्मभूमीतील इन्झेल रुग्णालय हीच त्यांची कर्मभूमी राहिली.

आता त्या काळच्या रोगाविषयी दोन शब्द सांगणे अवश्य आहे. आपल्या गळ्याच्या पुढील भागी, श्वासनलिकेला बिलगून, फुलपाखराच्या आकाराची एक ग्रंथी असते. तिला अवटु ग्रंथी अथवा थायरॉइड म्हणतात. तिला आपले काम करण्यास आयोडीन लागते. ते अन्नपाण्यातून पुरेसे मिळाले नाही, तर ती फुगत जाते व गळ्याला मोठी गाठ येते. हाच गलगंड होय. आपल्या सुश्रुतसंहितेतही त्याचे वर्णन आले आहे. डोंगराळ मुलखात पावसाने व हिमनद्यांनी जमिनीतील आयोडीन धुऊन नेलेले असते. म्हणून आपल्याकडे हिमालयाच्या पायथ्याशी व युरोपात आल्प्स पर्वताच्या खोऱ्यांत हा रोग घरोघरी दिसे. कित्येकांच्या गळ्याची गाठ एवढी वाढे की, श्वास कोंडून मनुष्य मृत्यूच्या दारी जाई.

अशी गाठ कापून काढणे म्हणजे त्या काळी साक्षात साहस होते. या ग्रंथीत रक्ताचा पुरवठा विपुल असतो. तिच्या दोहो बाजूंस मोठ्या रक्तवाहिन्या असतात आणि मागून स्वरयंत्राची नाजूक मज्जातंतू जाते. तिला इजा झाली, तर रोग्याचा आवाजच जातो. रक्तस्रावाने व नंतर जखम दूषित होऊन इतके रोगी दगावत की, मोठमोठे शस्त्रवैद्य या शस्त्रक्रियेस हात लावण्यास धजत नसत. फ्रान्समधील वैद्यकीय अकादमीने तर १८५० साली तिचा निषेधच केला होता.

कोखर यांनी हे आव्हान स्वीकारले. लिस्टर यांची जंतुनाशक पद्धती त्यांनी प्रारंभीच आत्मसात केली. त्या युगात शस्त्रवैद्याची कीर्ती त्याच्या हाताच्या वेगावर ठरत असे. कोखर मात्र संथपणे काम करीत. प्रत्येक रक्तवाहिनी आधी चिमट्यात धरावी, बांधावी आणि मगच कापावी, असा त्यांचा नेम होता. त्यासाठी त्यांनी तयार केलेला दातेरी चिमटा आजही त्यांच्याच नावाने ओळखला जातो. आरंभीच्या सुमारे शंभर रोग्यांत तेरा जण दगावले होते. पुढे पुढे हे प्रमाण शेकडा एकाच्याही खाली आले. आयुष्यभरात त्यांनी गलगंडाच्या पाच हजारांवर शस्त्रक्रिया केल्या. रोगी हिंडूफिरू लागे, जखम भरे, गळा पूर्ववत दिसे आणि तो आनंदाने घरी जाई. यशाचे मोजमाप एवढ्यावरच थांबले असते, तर हे चरित्र एका कुशल कारागिराचे चरित्र ठरले असते.

परंतु येथेच या कथेचा मर्मभाग येतो. १८७४ सालच्या जानेवारीत कोखर यांनी अकरा वर्षांच्या एका मुलीची संपूर्ण ग्रंथी काढून टाकली होती. शस्त्रक्रिया उत्तम पार पडली. मात्र काही काळाने तिच्या गावच्या डॉक्टरने कळविले की, पूर्वी चपळ व हसतमुख असलेली ही मुलगी मंद व उदासीन झाली आहे. त्या वेळी या गोष्टीचा उलगडा झाला नाही. १८८२ सालच्या सप्टेंबरात जिनिव्हाचे शस्त्रवैद्य रेव्हर्डिन यांची व कोखर यांची गाठ पडली. संपूर्ण ग्रंथी काढलेल्या काही रोग्यांवर मागाहून अनिष्ट परिणाम झाल्याचे रेव्हर्डिन यांनी बोलून दाखविले.

दुसरा कोणी असता तर त्याने हे बोलणे कानाआड केले असते. रोगी घरी गेले होते, कोणाची तक्रार नव्हती, कीर्ती वाढत होती. कोखर यांनी मात्र बर्नला परतल्यावर जुन्या नोंदी काढल्या आणि संपूर्ण ग्रंथी काढलेल्या रोग्यांना पत्रे धाडून परत बोलावले. अठरा जण आले. त्यांपैकी सोळा जणांची अवस्था पाहून त्यांचे मन व्यथित झाले. चेहरे सुजलेले, त्वचा कोरडी, केस विरळ, हातपाय गार, बोलणे अडखळत, बुद्धी मंद! ती मुलगीही त्यांत होती. तिची धाकटी बहीण उंच व सतेज झाली होती. हिची वाढ मात्र खुंटली होती. दोघींचे शेजारी शेजारी घेतलेले छायाचित्र वैद्यकाच्या इतिहासात प्रसिद्ध आहे.

यातील विलक्षण गोष्ट अशी की, हा अनर्थ कोखर यांच्या कसबामुळेच इतका उघड झाला होता. घाईने काम करणाऱ्या शस्त्रवैद्याच्या हातून ग्रंथीचा थोडाफार अंश मागे राही व तेवढ्यावर रोग्याचे भागे. कोखर यांचा हात इतका सफाईदार की, त्यांनी मागे काहीच शिल्लक ठेवले नव्हते. काम जितके निर्दोष, तितकी हानी पूर्ण!

१८८३ सालच्या एप्रिलमध्ये बर्लिन येथे जर्मन शस्त्रवैद्यांची परिषद भरली. तेथे, समव्यवसायी विद्वानांच्या भर सभेत, कोखर यांनी स्वतःच्या रोग्यांची ही हकीकत स्वतःच मांडली आणि साध्या गलगंडासाठी यापुढे संपूर्ण ग्रंथी काढू नये, असे सांगितले. त्यांनी सुचविलेले कारण बरोबर नव्हते, हेही नमूद केले पाहिजे. श्वासनलिकेवर परिणाम होऊन असे घडत असावे, असा त्यांचा प्रथम तर्क होता. तसेच या शोधाचे श्रेय आधी कोणाचे, यावरून रेव्हर्डिन यांच्याशी त्यांचा वादही झाला. थोर मनुष्यही मनुष्यच असतो. परंतु त्यांनी मांडलेली वस्तुस्थिती खरी होती आणि तिच्यावरच पुढील ज्ञानाची इमारत उभी राहिली.

ज्या ग्रंथीचे कार्य तोवर कोणास नीट उमगले नव्हते, ती नसली म्हणजे काय होते हे त्या रोग्यांनी दाखवून दिले. लंडनच्या वैद्यांनी त्याची सांगड आपल्याकडील अशाच लक्षणांच्या रोग्यांशी घातली. १८९१ साली इंग्लंडमधील डॉ. मरे यांनी मेंढीच्या ग्रंथीचा अर्क टोचून एका स्त्रीस बरे केले. ती पुढे अठ्ठावीस वर्षे जगली. १८९५ साली या ग्रंथीत आयोडीन असल्याचे सिद्ध झाले आणि १९१४ साली अमेरिकेत केंडॉल यांनी तिचा मुख्य स्राव, थायरॉक्सिन, वेगळा काढला. आजची गोळी ती हीच. स्वित्झर्लंडमध्ये १९२२ साली आयोडीनयुक्त मिठाचा प्रारंभ झाला. आपल्या देशात १९५६ पासून हिमालयातील कांग्रा खोऱ्यात अशा मिठाचा प्रयोग झाला आणि १९६२ साली राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला.

पचनेंद्रियांच्या शस्त्रक्रियेतही कोखर यांचे ऋण मोठे आहे. पित्ताशयावरील शस्त्रक्रियेसाठी उजव्या बरगड्यांखाली दिला जाणारा तिरपा छेद त्यांच्या नावाने प्रसिद्ध आहे. लहान आतड्याचा आरंभीचा भाग पोटाच्या मागील भिंतीस चिकटलेला असतो. त्याच्या बाहेरच्या कडेने पातळ पडदा कापून तो भाग स्वादुपिंडाच्या डोक्यासह पुढे वळविण्याची युक्ती त्यांनी दाखविली. त्यामुळे पित्तनलिकेच्या खालच्या टोकापर्यंत हात पोहोचू लागला. आज दुर्बिणीच्या साहाय्याने पुष्कळ शस्त्रक्रिया होतात, तरीही हे पाठ प्रत्येक शस्त्रवैद्यास गिरवावेच लागतात. त्या काळी पोट उघडणे केवढे जोखमीचे होते, हे आपणांस १९२४ सालच्या घटनेवरून ताडता येईल. येरवड्याच्या तुरुंगात असलेल्या महात्मा गांधींच्या आंत्रपुच्छावर पुण्याच्या ससून रुग्णालयात कर्नल मॅडॉक यांनी शस्त्रक्रिया केली, तेव्हा ऐन वेळी वीज गेली व कंदिलाच्या उजेडात काम पुरे करावे लागले. साऱ्या देशाचा जीव त्या रात्री टांगणीला लागला होता.

कोखर यांचा शस्त्रक्रियेवरील ग्रंथ अनेक भाषांत गेला. अमेरिकेचे कुशिंग यांच्यासारखे पुढे जगप्रसिद्ध झालेले शस्त्रवैद्य त्यांच्याकडे शिकून गेले. १९०९ साली अवटु ग्रंथीवरील कार्याबद्दल त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. हा मान मिळविणारे ते पहिले शस्त्रवैद्य होत. १९१३ साली लेनिन यांनी आपल्या पत्नीस शस्त्रक्रियेसाठी त्यांच्याकडेच आणले होते. संपत्तीचा मोह त्यांना शिवला नाही. १९१२ साली त्यांनी मोठी रक्कम बर्न येथील संशोधन संस्थेसाठी दिली. १९१७ सालच्या जुलैमध्ये एका रात्री तातडीचे बोलावणे आले म्हणून ते रुग्णालयात गेले, शस्त्रक्रिया केली आणि अस्वस्थ वाटू लागल्याने घरी येऊन पडले. अवघ्या काही दिवसांनी, २७ जुलै रोजी, त्यांनी देह ठेवला.

हे चरित्र लिहिताना माझ्या मनाला एक गोष्ट टोचत राहिली, ती सांगून लेखणी खाली ठेवतो. शिक्षकी पेशात असताना एका वर्षी गुणांची बेरीज चुकल्यामुळे माझ्या हातून एक विद्यार्थी नापास ठरला. त्याच्या वडिलांनी विनविले म्हणून मी ती उत्तरपत्रिका पुन्हा पाहिली व चूक दुरुस्त केली. परंतु त्याच गठ्ठ्यातील बाकीच्या उत्तरपत्रिका पुन्हा उघडण्याचे धैर्य मला झाले नाही. ज्यांचे वडील आले नाहीत, त्यांच्यात आणखी कोणी होता का, हे मला आज कधीही कळणार नाही. कोखर यांच्याकडेही कोणी विनवणी घेऊन आले नव्हते. त्यांनी आपण होऊन गठ्ठा उघडला.

आपल्या ज्ञातीतून उद्या जे डॉक्टर, शिक्षक, हिशेबनीस वा कारखानदार होतील, त्यांना माझे एवढेच सांगणे आहे. काम सफाईने करावे हे तर खरेच. परंतु काम संपल्यावर, कोणी बोलावले नसतानाही, एकदा मागे वळून पाहावे. त्या पाहण्यातच कित्येकांचे कल्याण असते.