थोरला प्लिनी

ज्वालामुखीशास्त्रात ‘प्लिनियन उद्रेक’ ही संज्ञा रूढ आहे. व्यक्तिनाम परिभाषेत कसे स्थिरावते, हे समजण्यासाठी या नावामागील चरित्र पाहू.

गायस प्लिनियस सेकुंडस, म्हणजेच थोरला प्लिनी, याचा जन्म इ. स. २३ च्या सुमारास उत्तर इटलीतील कोमो येथे झाला. तरुणपणी तो जर्मानियात रोमन सैन्यात अधिकारी होता. वाचन हे त्याचे व्यसनच होते. सुमारे २,००० ग्रंथांतून माहिती निवडून त्याने ‘नॅचुरालिस हिस्टोरिया’ हा ३७ भागांचा ज्ञानकोश सिद्ध केला. त्यातील धगधगत्या पर्वतांच्या यादीत एटना आहे. व्हेसुव्हियस मात्र नाही. दीर्घकाळ शांत असलेल्या त्या डोंगराच्या उतारावर तेव्हा द्राक्षमळे होते.

भूगर्भात खडक वितळून शिलारस तयार होतो. व्हेसुव्हियसचा शिलारस दाट आणि वायूंनी भारलेला होता. असा शिलारस वर येताना दाब घटतो, वायू फसफसून सुटतात आणि शिलारसाच्या ठिकऱ्या राखेच्या रूपाने आकाशात उंच फेकल्या जातात. इ. स. ७९ मध्ये नेमके हेच घडले.

त्या वेळी प्लिनी मिसेनम येथील आरमाराचा प्रमुख होता. पाइन वृक्षासारखा पसरणारा ढग पाहून त्याने निरीक्षणासाठी हलकी नौका मागवली. इतक्यात डोंगराच्या पायथ्याशी अडकलेल्या रेक्टिना या स्त्रीचा मदतीसाठी निरोप आला. जिज्ञासेने आरंभलेली ही सफर आता बचावमोहीम झाली. त्याने मोठी जहाजे पाण्यात लोटली. राख आणि सच्छिद्र दगड कोसळत असताना सुकाणूधारकाने परतण्याचा सल्ला दिला. तो त्याने मानला नाही. पायथ्याच्या किनाऱ्याला जहाजे लागू शकली नाहीत, म्हणून तो स्टाबिए येथे उतरला. तेथील लोकांना धीर देत त्याने रात्र काढली. खवळलेल्या समुद्रामुळे परतीची वाट बंद झाली आणि किनाऱ्यावरच, श्वास कोंडून, त्याचा अंत झाला.

मिसेनमला थांबलेला त्याचा १७ वर्षांचा भाचा, धाकटा प्लिनी, याने पुढे इतिहासकार टॅसिटसला दोन पत्रांतून हा सारा घटनाक्रम कळवला. ढग, राखेचा वर्षाव, भूकंपाचे हादरे आणि भरदिवसाचा अंधार यांचे त्यातील वर्णन इतके नेमके आहे की, संशोधक आजही ते राखेच्या थरांशी ताडून पाहतात. ‘प्लिनियन’ ही संज्ञा या पत्रांमुळेच रूढ झाली.

१८४१ मध्ये व्हेसुव्हियसवर जगातील पहिली ज्वालामुखी वेधशाळा स्थापन झाली. भूकंप, जमिनीचा फुगवटा आणि वायूंचे प्रमाण यांच्या नोंदी आज तिच्यामार्फत अखंड घेतल्या जातात. थोरल्या प्लिनीच्या यादीत नसलेला डोंगर आता क्षणभरही नजरेआड होत नाही.