विश्लेषण : ४५ व्या वर्षी पक्षाघात, तरीही पुढे २७ वर्षे संशोधन… लुई पाश्चर यांना घरच्यांनी कसे सावरले?

रेबीजची लस, अँथ्रॅक्सची लस आणि जगभर पसरलेली संशोधन संस्था ही लुई पाश्चर यांची ओळख. मात्र यातील प्रत्येक काम त्यांनी पक्षाघाताचा झटका आल्यानंतर केले, हे फारसे सांगितले जात नाही. डावा हात आणि डावा पाय पूर्वीसारखा कधीच झाला नाही. तरीही ते उभे राहिले, त्यामागे पत्नी मारी, मुलगी आणि शिष्यांची शुश्रूषा होती.

त्या दिवशी काय घडले?

१९ ऑक्टोबर १८६८. पाश्चर तेव्हा ४५ वर्षांचे होते. सकाळपासून डाव्या अंगाला मुंग्या येत होत्या, दुपारी अंगात हुडहुडी भरली. तरीही विज्ञान अकादमीत निबंध वाचायला जायचेच, असा त्यांचा हट्ट. मारी यांना शंका आली. काम असल्याचे निमित्त करून त्या सोबत गेल्या आणि परतताना पाश्चर यांना एकटे सोडू नये, अशी विनंती त्यांनी एका ज्येष्ठ सहकाऱ्याला केली. रात्री अंथरुणावर पडताच वाचा गेली. ती काही वेळाने परतली, पण पुढच्या काही तासांत डावे अंग लुळे पडले.

मुंग्या येणे, तोंड वाकडे होणे, हात न उचलणे, बोलणे अडखळणे ही लक्षणे दिसताच आज रुग्णाला तातडीने रुग्णालयात नेले जाते. गुठळी विरघळवणारे औषध साधारण साडेचार तासांच्या आतच देता येते आणि मेंदूत रक्तस्राव नाही, हे आधी स्कॅनमध्ये पाहावे लागते. १८६८ मध्ये यातले काहीच नव्हते. डॉक्टरांनी जळवा लावल्या. पुढचे सारे घरच्यांच्या हाती होते.

शुश्रूषा कोणी केली?

दिवसरात्र मारी होत्याच, पण त्या एकट्या नव्हत्या. जेर्ने, रोलें, द्युक्लो या शिष्यांनी आणि मित्रांनी उशाशी बसण्याच्या पाळ्या लावून घेतल्या. १८५९ ते १८६६ या काळात तीन मुली गमावलेल्या या घरावर हा आणखी एक आघात होता.

मेंदूचा उजवा भाग शरीराची डावी बाजू चालवतो आणि बहुतेकांमध्ये भाषेचे केंद्र डाव्या भागात असते. डावे अंग गेलेल्या अनेकांची भाषा म्हणूनच शाबूत राहते. पाश्चर यांचेही तसेच झाले. झटक्यानंतर जेमतेम आठवड्याने, एका रात्री उशाशी बसलेल्या जेर्ने यांना त्यांनी रेशीमकिड्यांच्या रोगावरील टिपण तोंडी सांगितले आणि ते अकादमीकडे गेले.

काम थांबवले का नाही?

पाश्चर यांच्यासाठी नव्या प्रयोगशाळेचे बांधकाम सुरू होते. ते वाचणार नाहीत, या समजुतीने ते थांबवण्यात आले. खिडकीतून रिकामी जागा पाहून रुग्ण खचत चालला. ही गोष्ट सम्राट तिसऱ्या नेपोलियनच्या कानावर गेली आणि काम पुन्हा सुरू झाले.

जानेवारी १८६९ मध्ये, म्हणजे तीन महिन्यांतच, रेल्वेच्या डब्यात आडवे झोपून पाश्चर दक्षिण फ्रान्सकडे निघाले. सोबत मारी, मुलगी मारी-लुईझ आणि जेर्ने होते. तिथे रेशीमकिड्यांची निरोगी अंडी निवडण्याचे प्रयोग चालत. पुढचा हिवाळा त्रिएस्तजवळच्या एका वाड्यात गेला. पाश्चर सांगत आणि मारी लिहीत. रेशीमकिड्यांच्या रोगांवरचा ग्रंथ असा तयार झाला आणि १८७० मध्ये प्रसिद्ध झाला. १८४९ मध्ये लग्न झाल्यापासून मारी संध्याकाळी त्यांच्या टिपणांच्या नकला करीत असत. आजारपणात त्याच सवयीचा आधार झाला.

आजच्या पुनर्वसनशास्त्रातही रुग्णाला त्याच्या आवडीचे, जमेल तेवढे काम देण्यावर भर असतो. मात्र आधी शरीर सांभाळावे लागते. अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाची कूस ठरावीक वेळाने बदलणे, गिळता येते का हे पाहूनच खायला देणे, लुळा हात धरून न ओढणे आणि सांगितलेले व्यायाम रोज करून घेणे, ही कामे घरच्यांनाच करावी लागतात.

पुढे काय झाले?

पाश्चर लंगडत चालत. नाजूक प्रयोगांसाठी त्यांना साहाय्यकांच्या हातांची गरज लागे. तरीही १८८१ मध्ये अँथ्रॅक्सच्या लशीचा जाहीर प्रयोग यशस्वी झाला आणि जुलै १८८५ मध्ये जोसेफ माइस्टर या नऊ वर्षांच्या मुलाला रेबीजची लस मिळाली. टोचण्याचे काम डॉक्टर ग्रांशे यांनी केले, कारण पाश्चर वैद्यकीय पदवीधर नव्हते.

१८८७ मध्ये पुन्हा झटके आले आणि बोलणे अवघड झाले. १४ नोव्हेंबर १८८८ रोजी पाश्चर इन्स्टिट्यूटचे उद्घाटन झाले, तेव्हा त्यांचे भाषण मुलगा झाँ-बातिस्त याने वाचले. याच संस्थेत काम केलेले वाल्डेमार हाफकिन पुढे मुंबईत आले आणि १८९७ मध्ये त्यांनी प्लेगची लस तयार केली. २८ सप्टेंबर १८९५ रोजी पाश्चर यांचे निधन झाले.

या कहाणीतून काय घ्यावे?

पाश्चर यांच्याकडे नाव होते, राजाश्रय होता आणि पाळ्या लावणारे शिष्य होते. आपल्याकडच्या अनेक घरांत हा सगळा भार एकाच व्यक्तीवर, बहुधा पत्नीवर, सुनेवर किंवा मुलीवर पडतो. तिची झोप, तिची पाठदुखी, तिची सुटलेली नोकरी यांची नोंद कुठल्याच केसपेपरवर होत नाही. मारी टिकल्या, कारण रात्रीची जागरणे वाटून घेणारे लोक होते. म्हणून रुग्ण घरी आणण्याआधी औषधांच्या यादीबरोबर रात्रीच्या पाळ्यांची यादीही तयार व्हायला हवी.

पतीनंतर १५ वर्षांनी, १९१० मध्ये मारी यांचे निधन झाले. पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमधील समाधिगृहात त्या पतीसोबतच विसावल्या आहेत.