सर डग्लस निकल्स : खेळाडू आणि पाळक

ऑस्ट्रेलिया खंडांत फुटबॉलचा एक खास देशी प्रकार खेळतात. त्यांतील चेंडू लांबट, अंड्याच्या आकाराचा असतो व मैदानावर प्रत्येक बाजूस अठरा गडी असतात. चेंडू पायानें उडवावा, उडी मारून झेलावा, किंवा मुठीनें ठोसून सोबत्याकडे द्यावा. फेकूं मात्र नये, असा नियम आहे. या खेळांत नांव मिळवून पुढें पाळक झालेल्या आणि अखेर एका प्रांताच्या गव्हर्नरपदीं बसलेल्या मनुष्याचें चरित्र आज आम्ही थोडक्यांत सांगणार आहों.

डग्लस राल्फ निकल्स यांचा जन्म ९ डिसेंबर १९०६ रोजीं, न्यू साउथ वेल्स प्रांतांत मरे नदीच्या कांठीं कमेरागंजा नांवाच्या वस्तींत झाला. ही वस्ती योर्टा योर्टा या मूळ रहिवाशांची. तेथील शाळेचे मास्तर थॉमस शॅड्रॅक जेम्स हे मॉरिशस बेटांत जन्मलेले, हिंदी वंशाचे ख्रिस्ती गृहस्थ होते. आपल्या लोकांचे कैवारी म्हणून पुढें नांवाजलेले अनेक जण त्यांच्या हाताखालीं शिकले. डग्लस यांचें शिक्षण मात्र तिसऱ्या इयत्तेच्या पुढें गेलें नाहीं.

ते लहान असतांच घरावर एक मोठें संकट आलें. मूळ रहिवाशांच्या मुलींना घरांतून नेऊन घरकाम शिकवावें, असा त्या वेळीं सरकारचा शिरस्ता होता. एके दिवशीं पोलीस आले आणि त्यांनीं डग्लसच्या डोळ्यांदेखत त्याची सोळा वर्षांची बहीण हिल्डा हिला बळजबरीनें कूटामंड्रा येथील आश्रमांत नेलें. हें दुःख त्या मुलाच्या मनांतून कधीं गेलें नाहीं.

तेराव्या वर्षीं डग्लस मेंढ्यांच्या मळ्यावर कामास लागला. लोकर कातरतांना मेंढीस जखम झाली कीं तीवर डांबर लावणें हें त्याचें काम. शरीर ठेंगणें, पण पाय विजेसारखे चपळ. टाँगाला गांवच्या संघांत त्याचा खेळ पाहून लोक वाखाणूं लागले, आणि १९२७ सालीं तो नशीब काढण्यास मेलबर्न शहरीं आला.

तेथें कार्लटन नांवाच्या मोठ्या संघानें त्याची परीक्षा पाहिली. खेळांत उणें निघालें नाहीं. परंतु खेळाडूंचें अंग चोळून देणारे जे नोकर होते, त्यांनीं या काळ्या तरुणाच्या अंगास हात लावण्याचें नाकारलें. त्याच्या अंगास वास येतो, अशी त्यांची सबब. त्यास परत जावें लागलें. माणसाच्या स्पर्शानें माणूस विटाळतो असें मानणारे लोक कसे असतात, हें आमच्या वाचकांस निराळें सांगावयास नको.

डग्लस निराश होऊन गांवीं परतले नाहींत. नॉर्थकोट नांवाच्या दुसऱ्या संघानें त्यांस ठेवून घेतलें. १९२९ सालीं त्या संघानें अजिंक्यपद मिळविलें, आणि त्याच वर्षीं डग्लस यांनीं वॉरॅकनाबील व नाया येथील धांवण्याच्या शर्यतीही जिंकल्या. फुटबॉलच्या हंगामांत नगरपालिकेची नोकरी आणि एरवीं जत्रेंतील तंबूंत मुष्टियुद्ध, अशा रीतीनें ते पोट भरीत.

१९३२ सालीं फिट्झरॉय या संघानें त्यांस घेतलें. उंची अवघी पांच फूट दोन इंच. तरी बगलेवरून चेंडू घेऊन ते धांवूं लागले म्हणजे धिप्पाड गडी मागें पडत. पहिल्या दिवशीं मात्र पूर्वीचा अनुभव आठवून ते कपडे बदलण्याच्या खोलींत एका कोपऱ्यांत एकटेच बसले. तेव्हां संघांतील सर्वांत नामांकित खेळाडू हेडन बंटन उठून त्यांच्याजवळ येऊन बसले व त्यांच्याशीं मैत्रीनें बोलूं लागले. बंटन यांस उत्तम खेळाडूचें ब्राउनलो पदक तीन वेळां मिळालें. परंतु आमच्या मतें त्या दिवशींचें त्यांचें तें कृत्य पदकाहून मोठें होय. फिट्झरॉयकडून डग्लस १९३७ पर्यंत ५४ सामने खेळले. १९३५ सालीं व्हिक्टोरिया प्रांताच्या संघांत त्यांची निवड झाली. हा मान मिळविणारे मूळ रहिवाशांपैकीं ते पहिलेच. पुढें गुडघ्याच्या दुखापतीनें त्यांचा खेळ थांबला.

परंतु त्यांच्या आयुष्याचें खरें काम तोंपर्यंत सुरू झालें होतें. मातोश्रींच्या मृत्यूनंतर त्यांचें मन देवाकडे वळलें व नॉर्थकोट येथील चर्च ऑफ क्राइस्टच्या मंडळींत त्यांनीं बाप्तिस्मा घेतला. २६ जानेवारी १९३८ रोजीं गोऱ्या लोकांनीं आपल्या आगमनाचा दीडशेंवा वाढदिवस साजरा केला. त्याच दिवशीं मूळ रहिवाशांनीं सिडनी येथें शोकदिन पाळला, आणि त्या सभेंत डग्लस बोलले. महायुद्धांत ते सैन्यांत गेले असतां, फिट्झरॉय भागांत राहणाऱ्या त्यांच्या लोकांस त्यांची गरज आहे, असें पोलिसांनींच कळविल्यावरून त्यांस सोडण्यांत आलें. दारू, जुगार व बेकारी यांनीं गांजलेल्या त्या वस्तींत, गोर रस्त्यावर, १९४३ सालीं ते मंडळीचे पाळक झाले. त्यांच्या दिवंगत भावाची विधवा ग्लॅडिस हिच्याशीं १९४२ सालीं त्यांनीं लग्न केलें होतें, व तिच्या तीन मुलांचे ते बाप झाले. निराधार मुलींसाठीं या दांपत्यानें वसतिगृह चालविलें. ज्या मनुष्याची बहीण सरकारनें घरांतून नेली, त्यानेंच परक्यांच्या मुलींना घर दिलें.

१९५७ सालीं स्थापन झालेल्या अ‍ॅबओरिजिनीज अ‍ॅडव्हान्समेंट लीगचे ते गांवोगांव फिरणारे कार्यकर्ते झाले. लेक टायर्स येथील जमीन मूळ रहिवाशांच्या हातून जाऊं नये म्हणून ते झगडले. १९७० च्या कायद्यानें ती तेथील लोकांच्या मालकीची झाली. २७ मे १९६७ रोजीं राज्यघटना बदलण्यासाठीं मतदान झालें, तेव्हां शेंकडा नव्वदांहून अधिक लोकांनीं मूळ रहिवाशांच्या बाजूनें मत दिलें. त्या प्रचारांतही ते होते. त्यांच्या लोकांतील कांहीं तरुणांस त्यांची रीत फार मवाळ वाटे, व तसें ते उघड म्हणत. डग्लस यांनीं तेंही सोसलें. काळ्या व गोऱ्या दोघांचाही सूर जुळला पाहिजे, हें आपलें मत त्यांनीं सोडलें नाहीं.

१९७२ सालीं त्यांस सर ही पदवी मिळाली. मूळ रहिवाशांपैकीं ती मिळविणारे ते पहिले. १ डिसेंबर १९७६ रोजीं ते साउथ ऑस्ट्रेलिया प्रांताचे गव्हर्नर झाले. राजमुकुटाच्या नांवानें पोलिसांनीं ज्यांच्या दारांतून बहीण नेली, तेच आतां राजमुकुटाचे प्रतिनिधी म्हणून अ‍ॅडलेड येथील राजवाड्यांत राहूं लागले. दुर्दैवानें लवकरच त्यांस पक्षाघाताचा झटका आला, व ३० एप्रिल १९७७ रोजीं त्यांनीं पद सोडलें. ४ जून १९८८ रोजीं ते मरण पावले. त्यांचा देह मरे नदीकांठीं, कमेरागंजाच्या मातींतच पुरला आहे.

आज ऑस्ट्रेलियांतील या खेळाच्या मोठ्या स्पर्धेंत दरवर्षीं एक फेरी त्यांच्या नांवानें खेळतात; त्या फेरींत कार्लटनचा संघही उतरतो.

वाचकहो, अपमान झाला असतां मनुष्य सहसा दोहोंपैकीं एक करितो : खालीं मान घालून बसतो, अथवा संधि मिळाली कीं आपल्याहून दुबळ्याचा अपमान करितो. डग्लस यांनीं यांतील एकही केलें नाहीं. ज्यांच्या अंगास कोणी हात लावीना, त्यांनीं गटारांत पडलेल्यांस हात देऊन उठविलें. आणि हेडन बंटन यांसही आम्ही विसरूं नये. प्रत्येक मंडळींत, प्रत्येक शाळेंत, कोपऱ्यांत एकटा बसलेला कोणी ना कोणी असतो. त्याच्याजवळ जाऊन बसण्यास पदवी लागत नाहीं, पैसाही लागत नाहीं. आपल्या जागेवरून उठावें मात्र लागतें.